दहा यार्डांची मोजणी

हेमचंद्र दिघावकरांच्या हातात आयुष्यात दोनच साखळ्या आल्या. पहिली तेहतीस फुटांची, सातारा जिल्ह्यातल्या भूमी अभिलेख खात्याची. दुसरी तीस फुटांची, टेक्सासमधल्या शुगर लँडच्या एका फुटबॉल संघाची. पहिलीनं त्यांच्या अकरा बदल्या घडवल्या. दुसरीनं काय केलं, तीच ही गोष्ट.

हे दिघावकर काका भूकरमापक होते, म्हणजे सरकारी मोजणीदार. दोन भाऊ बांधावरून भांडायला लागले की काकांना नोटीस काढावी लागायची, दोघांना बांधावर उभं करून साखळी ताणावी लागायची आणि हद्द दाखवावी लागायची. हद्द जिथे असेल तिथेच दाखवायची त्यांना खोड होती. ही खोड खात्यात फारशी कुणाला सोसत नाही. पाटण तालुक्यात एका पुढाऱ्याच्या मेहुण्याचा गोठा शेजाऱ्याच्या रानात चार हात घुसलेला त्यांनी नकाशावर जसाच्या तसा दाखवला आणि महिन्याभरात काका म्हसवडला. तिथून खटाव, तिथून जावळी. मुलाची, सिद्धेशची शाळा बुडू नये म्हणून त्यांची बायको शोभना साताऱ्यात दोन खोल्यांत राहिली आणि काका शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं घरी यायचे, सोमवारी पहाटे निघायचे. असा त्यांचा संसार पंचवीस वर्षं चालला. बदलीची ऑर्डर घेऊन ते दारात उभे राहिले की शोभनाबाई रागावायच्या नाहीत, रडायच्या नाहीत. फक्त विचारायच्या, "मग भरू का सामान?" हा प्रश्न काकांना कोणत्याही शिवीपेक्षा जास्त लागायचा.

निवृत्तीनंतर दोघं शुगर लँडला मुलाकडे आली. सिद्धेश एका तेल कंपनीत इंजिनियर, सून ऋता दवाखान्यात डॉक्टर. घर ऐसपैस, माणसं चांगली, आणि काकांना करायला काडीचंही काम नाही. पहिल्या महिन्यात त्यांनी टेप घेऊन घराची हद्द मोजली आणि मागच्या शेजाऱ्याचं कुंपण नऊ इंच आत आल्याचं जेवताना जाहीर केलं. सिद्धेशनं हात जोडले. "बाबा, प्लीज. तो माझा बॉस आहे. हा टॉपिक इथेच क्लोज करा." काकांनी टॉपिक क्लोज केला, पण कुंपणाकडे बघताना त्यांचा चेहरा पडायचा तो पडायचाच.

मग एका संध्याकाळी फिरायला गेले असताना शाळेच्या मैदानावर त्यांना साखळी दिसली.

अमेरिकन फुटबॉल पायानं कमी आणि हातानं जास्त खेळतात, हे काकांना पहिल्या पाच मिनिटांत कळलं आणि त्या नावावर त्यांनी कायमची फुली मारली. पण बाकी खेळ त्यांना मनापासून पटला. कारण तो मुळात जमिनीचा वाद होता. एका संघाकडे चेंडू. चार प्रयत्नांत तो दहा यार्ड, म्हणजे तीस फूट, पुढे न्यायचा. नेला तर आणखी चार प्रयत्न मिळणार, नाही तर चेंडू समोरच्यांना. दहा यार्ड भरले की नाही याचा वाद पडला, तर दोन माणसं दोन उंच दांड्या घेऊन मैदानात येणार, मधली साखळी ताणणार आणि चेंडूचं टोक पुढच्या दांडीला लागलं का ते पंच वाकून बघणार. चंद्रावर माणूस पाठवणाऱ्या देशात, निदान त्या मैदानावर तरी, निकाल साखळीवर लागत होता! काका कुंपणाला नाक लावून उभे राहिले. मग राहवेना म्हणून ओरडले, "साखळीत पीळ आहे! पीळ काढा!"

मराठीत ओरडले. तरी ज्याला समजायचं त्याला समजलं.

तो होता संघाचा कोच, ब्रिग्ज. पन्नाशीचा, धिप्पाड, सकाळ-दुपार शाळेची बस चालवणारा. संघाचं नाव ऑइस्टर क्रीक हेरन्स, म्हणजे सरळ मराठीत बगळे. हा सेमी-प्रो संघ होता. म्हणजे कॉलेज संपलं, मोठ्या लीगनं विचारलं नाही, पण खेळ काही सुटला नाही अशी माणसं. कुणी वीजतंत्री, कुणी गोदामात, एक तर दाताच्या दवाखान्यात मदतनीस. दिवसभर काम करायचं आणि संध्याकाळी एकमेकांच्या अंगावर रेड्यांसारखं धावून जायचं. पगार कुणालाच नाही. साखळी धरायलाही कुणी मिळत नव्हतं. ब्रिग्जनं काकांना आत बोलावलं, दांडी हातात दिली. काकांनी पीळ काढला, कडी न कडी बोटांनी चाचपली, साखळी अशी ताणली की कोच बघत राहिला. "नाव काय तुमचं?" त्यानं विचारलं. शेजारची पोरं जे म्हणायची ते काकांनी सांगून टाकलं. त्या दिवसापासून सहा फुटी बगळे त्यांना काका म्हणायला लागले.

तीन हंगाम काकांनी पुढची दांडी धरली. नारिंगी जाकीट, डोक्यावर साताऱ्याहून आणलेली टोपी, आणि चेहरा असा की बघणाऱ्याला वाटावं, या माणसाला कुणीच जिंकायला नको आहे. बगळे जिंकले तरी मैदानात असेपर्यंत ते हसायचे नाहीत. मोजणारा कुणाच्या बाजूचा दिसता कामा नये, असं त्यांचं म्हणणं. शोभनाबाई प्रत्येक सामन्याला गॅलरीत तिसऱ्या ओळीत छत्री उघडून बसायच्या. शेजारी थर्मास. खेळातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. त्या आपल्या नारिंगी जाकिटाकडे बघत बसायच्या.

आणि या उन्हाळ्यात बगळ्यांनी कमाल केली. जिंकत जिंकत ते सेमी-प्रो संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोचले. त्यातून यंदा शेवटचे सामने भरवायचा मान शुगर लँडलाच मिळाला होता. काकांची झोप उडाली. सामन्याच्या दोन दिवस आधी सामान उतरवताना एका ट्रकचं चाक साखळीवरून गेलं आणि दोन कड्या तुटल्या. काकांनी घाबरून न जाता गॅरेजमध्ये बसून ती साखळी स्वतःच्या हातानं सांधली. पक्कड, नवीन कड्या, स्टीलची टेप. तीनदा मोजलं. बरोबर तीस फूट. आयुष्यभर साखळी जशी मोजली तशीच मोजली.

उपांत्य सामना लुईझियानातल्या लेक चार्ल्सच्या संघाशी होता. त्यांचा लिरॉय थिबोडो नावाचा एक बचावाचा खेळाडू होता, एकोणचाळीस वर्षांचा, दाढीत पांढरे केस. हा त्याचा शेवटचा हंगाम असल्याचं लाउडस्पीकरवरून दोनदा सांगून झालं होतं. दोन मिनिटं उरली. बगळे तीन गुणांनी मागे, चौथा आणि शेवटचा प्रयत्न, फार तर हातभर अंतर जायचं. चेंडू घेऊन आपला गडी घुसला, समोरून लिरॉय आला, आणि दोघांच्या धडकेचा आवाज शोभनाबाईंना तिसऱ्या ओळीत ऐकू गेला. वर दहा माणसांचा ढीग.

पंचांनी साखळी मागवली. काका दांडी घेऊन मैदानात गेले, साखळी ताणली, दांडी टेकवली. चेंडूचं टोक दांडीच्या एक इंच पुढे होतं. दहा यार्ड भरले! पुढच्याच खेळीत बगळ्यांनी गुण केले आणि सामना जिंकला. सगळे नाचत होते. लिरॉय मात्र काकांपासून चार पावलांवर गवतात बसून होता. हेल्मेट मांडीवर. "मी थांबवला होता त्याला," तो कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाला. "मला वाटलं, मी थांबवला." काकांनी नेहमीसारखं तोंड कोरं ठेवलं आणि साखळी गुंडाळली.

अंतिम सामना पुढच्या शनिवारी होता. गुरुवारी सकाळी यजमानांसाठी सामानाची यादी काकांना ईमेलनं आली आणि सिद्धेश चहा पिता पिता ती वाचून दाखवत होता. "गोलपोस्टला पॅडिंग... चेक. कोपऱ्यातले मार्कर... चेक. चेन, दहा यार्ड, एका दांडीच्या आतल्या कडेपासून दुसऱ्या दांडीच्या आतल्या कडेपर्यंत..."

"परत वाच," काका म्हणाले.

सिद्धेशनं परत वाचलं. काकांचा चहा तिथेच राहिला.

जमिनीच्या साखळीला दोन टोकांना पितळी मुठी असतात आणि साखळीची लांबी मोजायची ती मुठी धरून, बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत. नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकवतात हे. काकांनी फुटबॉलची साखळी तशीच सांधली होती, दांड्यांची जाडी धरून. दीड इंच या बाजूची, दीड इंच त्या बाजूची. ते ड्राइव्हवेवर उन्हात गेले, साखळी पसरली, आतून मोजली. तीन इंच कमी.

म्हणजे खरी दांडी तीन इंच पुढे असायला हवी होती. म्हणजे चेंडू एक इंच पुढे नव्हता. दोन इंच मागे होता. लिरॉयनं थांबवला होता त्याला.

काका त्या तापलेल्या सिमेंटवर बसूनच राहिले. चाळीस वर्षांत लोकांनी त्यांना हेकट म्हटलं, आडमुठा म्हटलं, पण चुकीचा मोजणीदार कुणी म्हटलं नव्हतं. शोभनाबाई शोधत बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, साखळीकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मग भरू का सामान?"

"कोचला सांगावं लागेल," काका म्हणाले.

संध्याकाळी सरावाला जाऊन त्यांनी ब्रिग्जला सांगितलं. ब्रिग्जनं शिट्टी तोंडातून काढली. त्यानं तिथल्या तिथे स्पर्धेच्या कार्यालयाला फोन लावला. एकदा पुढची खेळी झाली की आधीची मोजणी उकरता येत नाही, निकाल आहे तसाच राहील, असं तिकडून उत्तर आलं. आणि शनिवारी साखळी धरायला ते बाहेरची माणसं पाठवणार होते.

"हे बघा काका," ब्रिग्ज फोन ठेवून म्हणाला, "निकाल बदलत नाही. त्या लोकांना कळवून कुणाचं भलं होणार आहे? हे प्रकरण इथेच राहू द्या. मी रात्री पुन्हा फोन करतो, छोटीशी दुरुस्ती होती म्हणतो, दांडी तुमच्याच हातात राहील. पण तुम्ही लेक चार्ल्सला जाऊन हे सांगत बसलात, तर मग माझ्या हातात काही नाही."

काकांना दांडी हवी होती. हे लपवण्यात अर्थ नाही. या देशात ती दांडी सोडली तर ते कुणाचे तरी वडील आणि कुणाचे तरी सासरे होते. राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना, भरलेली गॅलरी आणि मधोमध साखळी ताणून उभे हेमचंद्र दिघावकर, हे चित्र त्यांनी मनात किती वेळा काढलं होतं! तरी ते म्हणाले, "कोच, मी विचारायला नाही आलो, कळवायला आलोय. मोजणीची माहिती दोन्ही बाजूंना द्यावी लागते. एका बाजूला दिली तर ती मोजणी नाही."

त्यांनी घरी येऊन आलेखाचा कागद काढला. मोजणी झाली की नकाशाची एक प्रत जमीनवाल्याला मिळते. तिला 'क' प्रत म्हणतात. काकांनी ती सवयीनं तशीच काढली. मैदानाच्या रेषा, दोन दांड्या, साखळी, चेंडू, कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण, खाली प्रमाण. चुकीची दांडी तुटक रेषेनं, खरी दांडी अखंड रेषेनं, मधे तीन इंच. खरी दांडी आणि चेंडू यांच्यात दोन इंच. खाली मजकूर इंग्रजीत, सही मराठीत. दोन प्रती केल्या. एक ब्रिग्जची, एक लिरॉयची.

"बाबा, ईमेल करू ना यार," सिद्धेश म्हणाला. "जायला तीन तास, यायला तीन तास. उद्या माझ्या मीटिंग्ज आहेत."

"'क' प्रत हातात द्यायची असते."

सिद्धेशनं मीटिंग्ज कॅन्सल केल्या. पोरगं मुळात चांगलं आहे.

लिरॉय बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. लेक चार्ल्सच्या बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये तो एका इंजिनात कोपरापर्यंत हात घालून उभा होता. नारिंगी जाकिटाशिवाय त्यानं काकांना ओळखलं नाही. टोपीवरून ओळखलं. काकांनी वाटेत इंग्रजी भाषण पाठ केलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवेना. त्यांनी कागद पुढे केला.

लिरॉयनं हात पुसले. कागद उजेडात धरला. सिद्धेश समजावून सांगायला लागला तेव्हा त्यानं हातानं थांबवलं. नकाशा वाचता येत होता त्याला. बोट चेंडूवर ठेवलं, मग अखंड रेषेवर नेलं.

"किती?" त्यानं विचारलं.

"दोन इंच," काका म्हणाले. "चूक माझी. माझ्या हाताची. तुम्ही त्याला थांबवला होता."

"निकाल?"

"बदलत नाही. आम्ही विचारलं."

काकांनी मान खाली घातली. ओरडा खायची त्यांची तयारी होती, बांधावर उभं राहून खूप खाल्ला होता. पण लिरॉय मागच्या खोलीच्या दाराशी गेला आणि हाक मारून त्यानं बायकोला बाहेर बोलावलं. "सांगा," तो काकांना म्हणाला. "आता जे म्हणालात ते हिला सांगा. सहा दिवस ही माझी समजूत घालतेय की असू दे, होतं असं."

काकांनी पुन्हा सांगितलं. त्याला थांबवला होता. लिरॉयच्या बायकोनं हात तोंडावर ठेवला, आणि तो मोठा माणूस तिथेच इंजिनाला टेकून लहान पोरासारखा रडला. मग त्यानं ग्रीसच्या हातांनी काकांना मिठी मारली. टोपी पडली. सिद्धेश दुसरीकडे बघत राहिला, कारण त्याचंही काही खरं नव्हतं.

शनिवारी बगळे मैदानात उतरले तेव्हा पुढच्या दांडीशी एक अनोळखी तरुण उभा होता. सामन्याआधी ब्रिग्ज काकांजवळ आला, त्यांची 'क' प्रत घडी करून खिशात होती ती दाखवली, आणि "पोरांना वाचून दाखवली मी," एवढंच म्हणून गेला. पुढच्या हंगामाबद्दल तो काही बोलला नाही. काकांनीही विचारलं नाही.

ते गॅलरीत चढले. तीन वर्षांत पहिल्यांदाच. तिसऱ्या ओळीत छत्रीखाली शोभनाबाई सरकून बसल्या. मागच्या ओळीत लिरॉय आणि त्याची बायको येऊन बसली होती, आणि लिरॉय शेजारी बसलेल्या, ओहायोहून सामना बघायला आलेल्या पाहुण्यांना एक कागद उलगडून दाखवत होता. त्या पाहुण्यांनी चेंडू, दांडी, उत्तरेचा बाण, सगळं नीट समजून घेतलं.

बगळे हरले. सपाटून हरले, त्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. सामन्यात साखळी एकदाच मैदानात आली. तो तरुण दांडी घेऊन निघाला, साखळी मधे लोंबत होती, आणि काका ताडकन उभे राहिले. "ताण! अरे ताणून धर, ढिली आहे!"

शोभनाबाईंनी शर्टाला धरून त्यांना खाली बसवलं. काका बसले, पण हात मोकळे होते आणि त्यांचं काय करावं ते कळेना. त्यांनी ते गुडघ्यांवर ठेवले. डोळे भरून आले होते ते बायकोला दिसू नयेत म्हणून ते मैदानाकडे बघत राहिले. शोभनाबाईंना दिसायचं ते दिसलं. त्यांनी थर्मासचं झाकण उघडून चहा ओतला आणि त्यांच्या हातात दिला.

"ही बारावी बदली," काका म्हणाले.

"हो," शोभनाबाई म्हणाल्या, आणि छत्री थोडी त्यांच्या बाजूला कलती केली. "पण या वेळी ऑर्डर माझ्या शेजारची निघाली."